व्हीआर घ्यायचं का विचारतेस, आधी बुधवारची दुपार घे

आमची एक जुनी रेसिडेंट (एमबीबीएसनंतर सर्जरी शिकायला आलेली डॉक्टर) आहे, आता इथंच कोल्हापुरात एका कॉलेजात सर्जरीची असिस्टंट प्रोफेसर झालीय, तिनं परवा विचारलं. "सर, डिपार्टमेंटला स्किल लॅबसाठी पैसे मिळालेत, मार्चच्या आत खर्च करायचेत. कंपनीवाले व्हीआरचे (डोळ्यांवर चढवला की कॉम्प्युटरचा खोटा दवाखाना दिसतो ते) हेडसेट घेऊन डेमो देऊन गेले, पोरं तर वेडीच झाली. एचओडी म्हणतात घेऊन टाकू. तुम्ही इतकी वर्षं हे करताय, रेसिडेंट खरंच शिकतात का यानं, की इन्स्पेक्शनला दाखवायला बरं एवढंच?" फोनवर दोन मिनिटात सांगता येईना म्हणून लिहायला बसलो आणि ते लांबलंच.

तर ऐक. शिकतात. पण त्या डेमोवाल्यानं जे शिकतात म्हणून सांगितलं असेल ते नाही, दुसरंच काहीतरी शिकतात, आणि ते सुद्धा तू काय करतेस त्यावर आहे, डब्यात काय आलंय त्यावर नाही.

आधी आमच्या वेळचं सांगतो म्हणजे हा खटाटोप का ते कळेल. 1990 ला मुंबईत जेजेला डॉ. तेहेमटन उडवाडियांनी भारतातली पहिली लॅप कोली केली, म्हणजे पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं गॉलब्लॅडर (पित्ताशय) काढलं. ते तंत्र हळूहळू सगळीकडं पसरलं आणि मी जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, झालो तेव्हा माझ्या वाट्याला काय आलं तर कॅमेरा धरणं. दीड वर्ष नुसता कॅमेरा, जरा हलला की वरून शिवी. मग एक दिवस सरांनी अचानक ग्रास्पर (लांब दांड्याचा चिमटा) हातात दिला आणि म्हणाले, धर. मी उजवीकडं न्यायला गेलो आणि स्क्रीनवर टोक डावीकडं पळालं. पोटाच्या भिंतीत पोर्ट (दांडा आत घालायची नळी) हा टेकू असतो ना, हात वर गेला की टोक खाली, हात इकडं की टोक तिकडं, बघायचं सपाट टीव्हीकडं, खोली कळत नाही, आणि हे सगळं मी पहिल्यांदा शिकत होतो कुठं, तर एका जिवंत बाईच्या पोटात. सर चांगले होते म्हणून निभावलं. पण ह्या उलट्या हाताची सवय व्हायला पेशंट कशाला लागतो? ती सरावाच्या खोक्यात (तो कसा करायचा ते पुढं सांगतो) होते, मशीनवर होते, कुठंही होते.

यावर येलमध्ये 2002 ला एक अभ्यास झाला, तो कंपनीवाल्यानं तुला स्लाइडवर दाखवला असणारच. 16 रेसिडेंट, निम्म्यांना व्हीआर सिम्युलेटरवर शिकवलं, निम्म्यांना नेहमीसारखं, मग सगळ्यांना खऱ्या ऑपरेशनमध्ये गॉलब्लॅडर लिव्हरपासून सोडवायला लावलं आणि व्हिडिओ बघून चुका मोजल्या, बघणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते माहीत नाही. व्हीआरवाल्यांचं काम 29 टक्के लवकर झालं आणि न शिकलेल्यांकडून गॉलब्लॅडरला इजा होणं किंवा भलतीकडं कॉटरीचा (विजेनं कापायच्या हत्याराचा) चटका बसणं पाचपट जास्त. नंतर 2009 ला डेन्मार्कमधून गायनॅकच्या रेसिडेंटवरचा पेपर आला, गर्भाशयाची ट्यूब काढायच्या लॅप सर्जरीला सिम्युलेटरवर शिकून आलेल्यांना 12 मिनिटं लागली, बाकीच्यांना 24. हे दोन्ही पेपर मी मानतो, त्यात खोट काढायची नाही मला.

पण आता गंमत बघ. त्या येलच्या मशीनला हेडसेटच नव्हता. टेबलावर साधा कॉम्प्युटरचा स्क्रीन, समोर दोन खऱ्यासारखे लॅप्रोस्कोपीचे दांडे, आणि स्क्रीनवर ना लिव्हर ना गॉलब्लॅडर, नुसते गोळे आणि चौकोनी खोकी, ते उचल, ह्या हातातून त्या हातात दे, बरोबर जागेवर चटका दे. बस. डेन्मार्कचं मशीन पण स्क्रीन आणि दांडेवालंच. म्हणजे पुरावा आहे तो दांड्यांचा, आणि आपल्याला विकायला येतात तो चष्मा. दोन्हीवर "व्हीआर" एवढंच लिहिलंय म्हणून एकाचा पेपर दुसऱ्याच्या गळ्यात बांधून आणतात. हे डेमोत विचारलंस ना तर सेल्सवाला पाणी पितो, मी पाजलंय.

दुसरी गोष्ट त्याच पेपरातली, जी कोणी स्लाइडवर लिहीत नाही. त्या रेसिडेंटना 'दहा तास करा' असं सांगितलेलं नव्हतं. आधी मुरलेल्या सर्जननी तेच काम मशीनवर करून दाखवलं, त्यांचे आकडे घेतले, आणि रेसिडेंट त्या आकड्यांपर्यंत पोचेपर्यंत सोडलं नाही. कुणाला कमी वेळ लागला, कुणाला जास्त. आपल्याकडं काय होतं, लॉगबुकमध्ये 'सिम्युलेशन दोन तास' लिहून सही, संपलं. दोन तास तो मशीनवर बसून वॉट्सॅप बघत होता का कोण जाणे.

मग हेडसेट टाकाऊ आहे का? अजिबात नाही. त्याचं काम वेगळं आहे. हेडसेटमध्ये हात शिकत नाही फारसा, डोकं शिकतं. कुठली पायरी आधी, कुठली नंतर, आता काय मागायचं, कुणाला हाक मारायची, बीपी पडतंय ते कधी दिसलं.

एक प्रसंग सांगतो. आमची एक जेआर वन, हुशार पोरगी, थिअरीत पहिली दुसरी. तिला हेडसेट घालून वॉर्डात उभं केलं, समोर पेशंट, अँटिबायोटिक चालू केल्यावर अंगावर पुरळ, घशातून आवाज, बीपी 90. तिनं सिस्टरकडं मागितलं काय, तर एविल आणि हायड्रोकॉर्ट, ॲलर्जीची नेहमीची इंजेक्शनं. बीपी 70. तिनं सलाइन वाढवलं, बरोबर केलं, पण परत म्हणते हायड्रोकॉर्ट गेलं का. बीपी 50. आम्ही बाहेर टीव्हीवर बघतोय, मी बोलत नाही, बाकीची पोरं ओठ चावतायत. अडीच मिनिटांनी तिला आठवलं, ॲड्रेनलिन, आणि ते पण शिरेत मागितलं. चष्मा काढला तेव्हा घाम फुटलेला. मी विचारलं, ॲनाफिलॅक्सिसला (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीला) पहिलं औषध कुठलं? खाडकन उत्तर आलं, "ॲड्रेनलिन, अर्धा मिलिग्रॅम, आयएम (स्नायूत), मांडीत बाहेरच्या बाजूला." म्हणजे माहीत होतं! परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी. पण वॉर्डात सगळे सीनियर आधी एविल-हायड्रोकॉर्ट म्हणतात ते कानात बसलेलं, घाबरल्यावर डोकं पुस्तकाकडं जात नाही, कानाकडं जातं. पुढच्या आठवड्यात तिनं तीच केस पुन्हा केली, 20 सेकंदात ॲड्रेनलिन. हे काम खोक्यात होत नाही, लेक्चरमध्ये होत नाही, आणि खऱ्या पेशंटवर ही चूक करू देता येत नाही. इथं हेडसेट वसूल.

तसंच ऑर्थोवाल्यांचं नेलिंग (मोडलेल्या हाडात सळई घालणं), कुठला रीमर (हाड आतून कोरायचं हत्यार) कधी, सीआर्म (ओटीतलं एक्सरेचं मशीन) कुठं. तसंच ओटीत आग लागली, कोड (हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठी धावायची हाक) आला, अशा रोज न होणाऱ्या गोष्टी. (कोडवरून आठवलं, आपल्या गावात 'सीपीआर शिकवतो' म्हटलं की रिक्षावाला पण दसरा चौकाकडं वळतो, दवाखान्याचंच नाव ते. पण छाती दाबायचा सराव चष्म्यात करू नका, हवेत हात दाबून काय कळणार, पाच-सहा सेंटिमीटर म्हणजे किती ते पुतळ्यावरच कळतं. साधा पुतळा घ्या, मिनिटाला 100 ते 120.)

आणि कॅलॉटमध्ये (गॉलब्लॅडरच्या मानेजवळच्या त्रिकोणी जागेत) दोनच नळ्या गॉलब्लॅडरकडं जाताना दिसल्याशिवाय, आणि गॉलब्लॅडरचा खालचा तिसरा भाग लिव्हरवरून सुटून मागचं लिव्हर दिसल्याशिवाय नळ्या बंद करायची क्लिप लावायची नाही, हा जो नियम आपण घोकून घेतो ना, 1995 पासूनचा, तो हेडसेटमध्ये चांगला बसतो. कारण तिथं मी पोराला थांबवून विचारू शकतो, आता क्लिप लावू? का? मागं काय दिसतंय? ओटीत त्याच वेळी ॲनेस्थेसियावाले घड्याळ बघत असतात.

आता हेडसेट कुठं फसवतो ते. आमच्याकडं एक जेआर टू होता, हेडसेटवर लॅप कोलीचा स्कोर 96, 97, स्वतःच्या फोनवर स्क्रीनशॉट ठेवायचा. मी पण हुरळलो आणि त्याला एक सोपी केस दिली. कंट्रोलर म्हणजे प्लास्टिकचा तुकडा, त्याला ना वजन ना ओढ, फारतर थरथरतो. त्यानं मशीनवर जसा ओढायचा तसा फंडस (गॉलब्लॅडरचं टोक) ओढला आणि गॉलब्लॅडर फाटलं, पित्त सांडलं, दोन खडे लिव्हरच्या मागं गेले. धुतलं, शोधले, काढले, पेशंट दुसऱ्या दिवशी चहा पीत होता, पण अर्धा तास वाढला आणि पोराचा चेहरा बघवेना. चूक त्याची नव्हती, माझी होती. टिश्यू किती ओढ सहन करतं हे त्या चष्म्यात नसतंच आणि मी ते गृहीत धरलं. त्या दिवसापासून आमचा नियम, डोक्यासाठी हेडसेट, हातासाठी खोका, आणि दोन्हीकडं पास झाल्याशिवाय ग्रास्पर मिळत नाही.

स्कोरचं पण तसंच. मशीन वेळ मोजतं, हात किती फिरला ते मोजतं. पोरं हुशार असतात, दोन दिवसात कळतं की आजूबाजूला न बघता सरळ गेलं की मार्क वाढतात. मी वेळेचा आकडा झाकून ठेवतो. हत्याराचं टोक नजरेआड असताना कॉटरीचा पेडल दाबला का, एवढा एक आकडा मी सगळ्यात आधी बघतो.

विमानाच्या सिम्युलेटरचं उदाहरण सगळे देतात, आपण कोल्हापुरात राहतो, तालमीचं घे की. पोरगं पहाटे उठून जोर मारतं, बैठका मारतं, मग हौद्यात जोडीदाराबरोबर ढाक, घिस्सा पुन्हा पुन्हा करतं, मैदानात उतरायच्या आधी कित्येक महिने. पण कडेला वस्ताद बसलेला असतो. तो फार बोलत नाही, पण नेमकं बोलतो, 'पाय मागं राहिला बघ.' वस्ताद नसेल तर नुसते खांदे फुगतात, कुस्ती येत नाही. तुझ्या लॅबमध्ये वस्ताद कोण आहे? हा प्रश्न तू डेमोत विचारला नाहीस आणि एचओडींनी पण नाही विचारला, पैज लावतो.

मी बघितलंय असं एका ठिकाणी. नाव कशाला घेऊ. एकदम झकास लॅब, फीत कापली, पेपरात फोटो. वर्षभरानं गेलो तर कपाटाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडं ते क्लार्क रजेवर. किल्ली सापडली तर हेडसेट चार्ज नाहीत, चार्ज केले तर लॉगिन मागतंय, लॉगिन केलं तर लायसन्स 31 मार्चला संपलेलं. तिथले मामा शांतपणे म्हणाले, "सायेब, ह्यो चष्मा घातला की दवाखाना दिसतोय म्हणं. बाहेर आलं की तसाबी दिसतोयच की." मला त्या दिवशी त्यांच्याइतकं नेमकं कोणी बोललेलं आठवत नाही.

म्हणून माझं म्हणणं, हेडसेटच्या आधी वेळ घे. एचओडींकडून लेखी घे की दर बुधवारी दुपारी दोन ते चार, जेआर वन आणि टू, एका वेळी चौघं, त्यांचा फोन दुसऱ्याकडं, वॉर्डातून कोणी बोलवायचं नाही. आणि एक शिकवणारा, त्याची त्या दोन तासात ओपीडी नाही. पोस्ट इमर्जन्सीवाल्याला (रात्रभर इमर्जन्सी ड्यूटी केलेल्याला) पाठवायचं नाही, तो चष्म्यात झोपतो, खरंच झोपतो, मी फोटो काढलाय. आणि दर आठवड्याला थोडं थोडंच कर. एकदाच रविवारचा वर्कशॉप लावून सर्टिफिकेट वाटायचे आणि झालं म्हणायचं, यानं टिकत नाही. टोरांटोत 38 ज्युनिअर रेसिडेंटवर करून बघितलंय, 2006 चा पेपर, बारीक रक्तवाहिनी जोडायची तीच चार सेशन, एका गटाला एका दिवसात, दुसऱ्याला आठवड्याला एक. महिन्यानं घेतलं तेव्हा आठवड्यावाले पुढं. जोर एका दिवसात हजार मारून पैलवान होत नाही हे इथं कुणालाही सांगावं लागत नाही, फक्त डॉक्टरांना सांगावं लागतं.

केस संपल्यावर चष्मा काढून लगेच पळायचं नाही. जेवढा वेळ केस तेवढाच वेळ बोलणं. मी रेकॉर्डिंग मागं घेतो आणि एकच विचारतो, "इथं तुझ्या मनात काय चाललं होतं?" पहिल्यांदा सगळे म्हणतात, सर, चुकलं. चुकलं ते मला पण दिसतंय, मनात काय होतं ते सांग. मग तिसऱ्या चौथ्या वेळी खरं बाहेर येतं. 'मला वाटलं मदत मागितली तर सीनियर ओरडतील.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कधी कधी वाटतं आपण सिम्युलेटरवर रेसिडेंटपेक्षा आधी सीनियरना बसवावं.

आता घ्यायचंच ठरलं तर कंपनीवाल्याला काय विचारशील. लायसन्स किती वर्षांचं, आणि दरवर्षीचे पैसे बजेटच्या कुठल्या हेडमधून देणार, कारण हेडसेट स्वस्त असतो, खरा खर्च सॉफ्टवेअरचा आणि तो संपत नाही. नेट नसताना चालतं का, आपल्याकडं पावसात काय होतं तुला माहीतय. आतली दृश्यं बाहेरच्या टीव्हीवर दिसतात का, नाहीतर एक शिकतो आणि तिघं भिंतीकडं बघतात. प्रत्येक रेसिडेंटचा डेटा आपल्याला फाइलमध्ये मिळतो का, की त्यांच्या सर्व्हरवरच राहतो. दोघं-तिघं एकाच खोलीत एका केसवर येऊ शकतात का. आणि पायऱ्या बदलता येतात का, कारण त्यांच्या ओटीत भारीतलं सीलर आणि स्टेपलर, आपण मोनोपोलर हुक (साधी आकड्याची कॉटरी) आणि क्लिपवर काम करतो, पोरगं तिथं जे मागायला शिकेल ते इथं ट्रॉलीवर नसेल. डेमोच्या दिवशी सेल्सवाल्यानं घालायचं नाही, तुझ्या जेआर वनला घालू दे आणि त्याला गप्प बसव.

जपायचं कसं ते थोडक्यात. खिडकीतलं ऊन भिंगात शिरलं तर आतला स्क्रीन जळतो, भिंग म्हणजे भिंगच ते, आमचा एक गेलाय असा, टेबलावर उताणा ठेवलेला. भिंगाला स्पिरिट लावायचं नाही, कोरडं मऊ कापड. चेहऱ्याला लागतो तो फोम बदलता येणारा घे आणि ओटीची टोपी घालूनच चष्मा चढवायचा, नाहीतर तेल-घामानं महिन्यात वास मारतो. दोन भिंगांतलं अंतर प्रत्येकानं आपल्या डोळ्यांप्रमाणं जुळवायचं, निम्मी चक्कर त्यानंच जाते. उरलेली चक्कर ही डोळे म्हणतात चाललोय आणि कान म्हणतो उभा आहे यामुळं, म्हणून पहिल्या दिवशी दहा मिनिटं, शेजारी स्टूल, आणि भरल्या पोटी नको. मिसळ खाऊन आलेल्या एकाचं काय झालं ते लिहीत नाही.

खोका मात्र आजच कर, त्याला बजेट लागत नाही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला दोन भोकं आणि त्यावर ग्लोव्हचं रबर, आत एलईडीची पट्टी, जुना वेबकॅम, टीव्ही. ओटीतून बाद झालेले ग्रास्पर आणि नीडल होल्डर सिस्टरकडं मागितले की मिळतात, फक्त नोंद करून घे नाहीतर ऑडिटला तुझ्याच नावावर येतं. आत शेंगदाणे एका वाटीतून दुसरीत, मग ह्या हातातून त्या हातात, मग गॉजवर काढलेलं वर्तुळ रेघ न सोडता कापायचं, मग गाठ. अमेरिकेतली एफएलएसची (लॅप सर्जरीच्या मूलभूत कौशल्यांची) परीक्षा पण साधारण ह्याच गोष्टींची आहे, पाच कामं, त्यात आतून गाठ मारणं सगळ्यात अवघड. संत्र्याची साल न फोडता सोलून फोडी सुट्या करायच्या, ह्यात ओढ किती लावायची ते कळतं, आमच्या त्या 97 मार्कवाल्याला मी महिनाभर संत्रीच सोलायला लावली. आता तो बाहेरगावी स्वतःच्या लॅप कोली करतो आणि संत्र्याच्या सीझनला फोन करून मला चिडवतो.

एक अजून. तुमच्या पोरांना आता तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला (जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात कामाला) जावं लागतं, गडहिंग्लजला किंवा तशा ठिकाणी. तिथं लॅप होईल न होईल, पण संध्याकाळ मोकळी मिळते, जी इथं तीन वर्षांत मिळत नाही. खोका बरोबर दे आणि आठवड्याला एक व्हिडिओ पाठवायला सांग. हेडसेट देऊ नकोस, परत येणार नाही.

तर पैशांचं असं कर. सहा खोके, दोन चांगले पुतळे, एक मोठा टीव्ही, आणि उरलेल्यात दोनच हेडसेट, दहा नकोत, दोनच, इमर्जन्सीच्या केसेसचं सॉफ्टवेअर असलेले. आकडा छोटा दिसतो म्हणून एचओडी नाक मुरडतील, त्यांना एकदा स्वतःला ॲनाफिलॅक्सिसची केस करायला लाव, टीव्ही चालू ठेवून. पण आधी रेसिडेंटना बाहेर पाठव, सरांची लाज राखायची असते.

येत्या बुधवारी दोनला आमच्याकडं येऊन बस एकदा, बघून जा. त्या दिवशी ट्रेकिओस्टॉमी (गळ्यातून श्वासनलिकेला भोक पाडणं) आणि आतडं जोडणं घेतोय. येताना मटणवाल्याकडून वजडी आणि बकऱ्याची दोन नरडी घेऊन ये. नरडंच म्हण, नळी म्हणालीस तर तो रश्श्यातली देईल.